वेलीला हात लावल्याचे दिवस

२९ जून

ही डायरी औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत लॅबमध्ये वाटली होती. सहा महिने ड्रॉवरमध्ये पडून होती. आज घरी आणली, कारण आज माझं डोकं फिरलेलं आहे आणि ओरडले तर गल्लीतल्या खिडक्या उघडतात.

पानवेल गेली. एप्रिलमध्ये नर्सरीतून आणलेली. तिला काय कमी केलं मी? सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी, आठवड्याला शेणखत, एकदा तर ताक. कुंडी कोरडी पडलीय असा एक तास जाऊ दिला नाही. तरी बुडातून काळी पडत गेली आणि आज जरा ओढली तर मुळांसकट हातात आली.

मेलेली वेल घेऊन गच्चीवरून खाली आले, तर आत्या दारात दूध घेत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, तानाबाई. त्यांनी वेलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दूधवाल्यासमोर, समोरच्या कट्ट्यावर तीन बायका बसलेल्या असताना, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पानवेल लई कडक असती गं. अडचणीत हात लावला असशील."

अडचण म्हणजे पाळी. या घरात पाळीला पाळी म्हणत नाहीत. अडचण म्हणतात, बाजूला आहे म्हणतात, कावळा शिवला म्हणतात. दूधवाल्यानं खाली मान घालून माप ओतलं, आणि मापात नेहमीपेक्षा जास्तच दूध पडलं.

मी लॅब टेक्निशियन आहे. एकोणीस वर्षं झाली. दिवसाला पन्नास-साठ माणसांचं रक्त काढते. रक्तात हिमोग्लोबिन असतं, साखर असते, कुणाच्या रक्तात कावीळ असते. झाड मारायचं औषध अजून एकाही बाईच्या रक्तात सापडलेलं नाही. सापडलं असतं तर शेतकऱ्यांनी तणनाशक विकत घेतलं नसतं.

राजवर्धन, माझे मिस्टर, शिरोलीहून, फौंड्रीतून, घामेजून आले. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे की. एक वेल मेली म्हणून काय सभा घ्यायची?"

घेणार. सभाच घेणार आणि पुराव्यासकट घेणार. दुसरी वेल लावायची, पाळीत मुद्दाम हात लावायचा आणि सगळं तारीखवार लिहायचं.

२ जुलै

नजीरानं दोन फांद्या आणून दिल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. नजीरा आमच्या लॅबच्या काउंटरवर असते. तिचे मिस्टर ख्वाजाभाई यांची पानाची टपरी आहे आणि दारात रंगाच्या डब्यात लावलेली वेल पार पत्र्यावर गेलीय. तिला सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, तुमच्यात पण असलं मानतात का?

"मानणारे सगळीकडं हाईत की," ती म्हणाली. "मी कुणाला विचारलंच न्हाय. डब्यात लावली, आली. तू पाणी मात्र कमी घाल बाई. पेशंटला सलाईन लावल्यागत घालत असशील."

हिनं कधी बघितलं मला पाणी घालताना? असो. फांद्या चांगल्या आहेत, प्रत्येकीला चार पेरं.

७ जुलै

एका फांदीला कोंब. मोहरीएवढा. सकाळी पावणेसहाला गच्चीवर जाऊन चहा हातात धरून पंधरा मिनिटं नुसता तो कोंब बघत बसले, चहा गार झाला. दिवसातली माझी म्हणावी अशी ही पंधरा-वीस मिनिटंच. नंतर डबे, धुणं, बारापासून लॅब, घरी यायला साडेआठ.

गच्चीच्या अर्ध्या भागावर पत्रा आहे. पत्र्याखाली वेल, मोगरा, मिरच्या आणि आत्यांचा गवती चहा. या कुंड्यांना पावसाळ्यातही हातानंच पाणी घालावं लागतं, आणि गोगलगायी तर रोज वेचाव्या लागतात, नाहीतर एका रात्रीत मिरचीची काडी शिल्लक राहते. संध्याकाळचं हे काम नंदूकडं. राजनंदिनी, माझी मुलगी, सातवीत आहे. तिला गच्ची फार आवडते. गोगलगायी मिठात टाकायच्या सोडून डबीत भरते आणि मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये नेऊन सोडते. त्या परत येतात हे तिला पटत नाही.

आज तक्ता केला. तारीख, पाणी कुणी घातलं, हात कुणी लावला, पाळी होती की नव्हती, वेलीची तब्येत. पट्टीनं रेघा मारून फ्रिजवर लावला, म्हणजे आत्यांना येता-जाता दिसेल. नंदू म्हणाली, "मम्मी, ते काढ ना. माझ्या मैत्रिणी येतात."

म्हटलं, "येऊ देत. त्यांनाही कळू दे. लाजायचं काय त्यात? लाज धरूनच बायकांचं वाटोळं झालंय."

जेवताना सगळ्यांना स्वच्छ सांगितलं, की नंदूची पाळी सुरू होईल तेव्हा तर खरा मोठा प्रयोग. पहिल्याच दिवशी तिच्या हातानं पान तोडून घेणार, विडा करणार आणि तक्त्यावर लाल पेनानं लिहिणार. नंदूनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. आमटी तिखट झाली होती बहुतेक.

१५ जुलै

माझी पाळी. पहिला दिवस. वेलीला मुद्दाम हात लावला, दहा मिनिटं. पानं पुसली, काडीला बांधली, माती उकरली. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. दूधवाला दारात होता, त्यालाही सांगितलं. त्याच्यासमोर आरोप झालाय, तर निकालही त्याला कळायला नको? "बरं वैनी" म्हणून तो सायकलीवर टांग मारून गेला, मापाचा पेला आमच्या पायरीवर विसरून.

१९ जुलै

वेल ठणठणीत. तीन नवी पानं. आत्यांना बोलावून दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी बघितलं. "आली की," एवढंच म्हणाल्या. माणसानं हरल्यावर निदान हरलो म्हणावं.

२३ जुलै

पाणी आत्यांनी घातलं. कालही त्यांनीच.

घरी आले तर त्या जिन्यावरून खाली उतरत होत्या, भिंत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गुडघे झिजलेत असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, जिना चढू नका म्हणून बजावलंय. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? नंदू कुठाय?

"अभ्यास करतीया. पोरीला सारखं कामाला नको लावूस."

नंदू आत्यांच्या खोलीत, आत्यांचीच वाकळ अंगावर घेऊन पडली होती. पुस्तक छातीवर उलटं. याला अभ्यास म्हणतात. आणि आज शिरा. मंगळवार नाही, संकष्टी नाही, कुणाचा वाढदिवस नाही, आणि बचकभर बेदाणे घालून साजूक तुपातला शिरा.

मला सगळं कळतंय. वेल जगली हे आता लपवता येत नाही. मग उद्या म्हणायचं, मी पाणी घालत होते म्हणून जगली. श्रेय घ्यायला गुडघे बरे चालतात. तक्त्यावर "पाणी : आत्या" असं लिहिलं, म्हणजे नंतर वाद नको.

२६ जुलै

चार दिवसांनी नंदू परत कामावर. बावीस गोगलगायी.

आत्यांनी तिला नवा ड्रेस आणलाय, हिरवा. स्वतः रिक्षानं जाऊन आणला. कशाबद्दल म्हटलं तर म्हणाल्या, "नातीला घेऊ न्हाय का?" घ्या की. पण चार दिवस काम चुकवलं त्याचं बक्षीस मिळतं हे मुलीला शिकवू नका.

९ ऑगस्ट

आज रविवार नाही, पण सुट्टी होती. सकाळभर गच्चीवर. मोगरा छाटला. मिरच्यांवर बोकड्या पडलाय, पानं मुरडलीत, त्यावर लसूण-मिरचीचं पाणी फवारलं आणि तेच नाकात जाऊन अर्धा तास शिंकत बसले. नंदूनं वेलीला सुतळीचा शिडीसारखा आधार बांधून दिला. मला जमत नव्हता, तिनं मिनिटात बांधला. वेल कमरेएवढी झालीय. पानं काळसर हिरवी, चमकदार. एक तोडून दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. नंदूचे डोळे पाण्यानं भरले तरी थुंकली नाही.

मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. दोनदा "मम्मी" म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "बोल की." तेवढ्यात लॅबमधून फोन आला. परत आले तर ती खाली गेली होती. मुलांना हल्ली एका जागी दम निघत नाही.

१३ ऑगस्ट

माझी पाळी, दुसरा दिवस. वेलीला हात लावला. पुन्हा काही झालं नाही. काही होणारच नव्हतं. लॅबमध्ये सगळ्यांना फोटो दाखवला. नजीरा म्हणाली, "आता पुरे की गं. वेल आली, झालं." हिला मुद्दाच कळलेला नाही. वेल येणं हा मुद्दा नाही.

२३ ऑगस्ट

पुन्हा तेच. काल आणि आज पाणी आत्यांनी. नंदू पुन्हा आत्यांच्या खोलीत, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. विचारलं तर "दुखतंय". शाळेबाहेरचं काहीतरी खाल्लं असणार. ओव्याचं पाणी दिलं, जंताचं औषध आणायला राजवर्धनना सांगितलं.

आणखी एक संताप. कपाटातलं पॅडचं मोठं पाकीट संपलं. मी मोजून वापरते, ते पाकीट मला तीन महिने जातं. आता कंपनीवालेही आत कमी भरायला लागले. दुकानदाराला जाऊन सुनावलं. तो म्हणाला, ताई, सीलबंद असतंय, मी काय करू?

७ सप्टेंबर

वेल पत्र्याला टेकली.

आत्या आज स्वतःहून वर आल्या. वेलीसमोर स्टुलावर बसून राहिल्या, मी मोगऱ्याला खत घालत होते. म्हणाल्या, "औंदा घटाला पहिली माळ घरच्या पानांची करूया."

आमच्याकडं नवरात्रात घटावर पहिल्या दिवशी विड्याच्या पानांची माळ असते, मग रोज फुलांची. दरवर्षी पानं बाजारातून येतात. म्हणजे माझ्या वेलीची पानं, जिला मी पाळीत हात लावलाय, ती देवीला चालतील? तोंडावर विचारलं.

त्या म्हणाल्या, "आमच्या बापाचा मिरजेकडं पानमळा हुता. अडचण आली की बायकांना मळ्यात पाय टाकायची बंदी. आम्ही पोरी वाट बघायचो. तेवढंच चार दिवस पाठ भुईला लागायची. न्हाईतर पहाटेपास्नं पाण्याच्या घागरी."

म्हणजे बंदी चांगली होती म्हणायची! बायकांना विश्रांती हवी तर सरळ विश्रांती म्हणून द्या, झाडं मरतात म्हणून कशाला? हे मी बोलले, बरंच बोलले. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझं खरं हाय." आणि भिंत धरून खाली गेल्या. हे "खरं हाय" म्हणजे विषय बंद करायची पद्धत आहे, मी ओळखून आहे.

२१ सप्टेंबर

पेन दाबून लिहितेय, पान फाटलं तर फाटू दे.

उद्या घट. नेसरीहून यांचे गणपतराव काका आणि काकू आलेत. संध्याकाळी तक्ता भरायला उभी राहिले. "पाणी : आत्या." पेन तिथंच थांबलं. वर बघितलं. ऑगस्ट, बावीस ते पंचवीस, आत्या. जुलै, बावीस ते पंचवीस, आत्या. मधले सगळे दिवस नंदू. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचते आणि माझ्या फ्रिजवर, माझ्याच अक्षरात, दोन महिने हा रिपोर्ट लटकत होता.

शिरा. हिरवा ड्रेस. गरम पाण्याची पिशवी. मी तिला जंताचं औषध पाजलं!

आणि संताप कशाचा, तर माझ्या घरात, मी लिहून लिहून पुरावा मांडत असताना, या बाईनं माझ्या पोरीला कोपऱ्यात बसवलं. वेलीला हात लावू नको म्हणून सांगितलं. बारा वर्षांच्या पोरीच्या मनात हे विष घातलं आणि वर तिच्याकडून माझ्यापासून लपवून घेतलं. आई मी आहे!

उद्या बघते. उद्या सगळे आहेत, बरंच झालं.

२२ सप्टेंबर

सकाळी साडेपाचला नंदूला उठवून वर नेलं. म्हटलं, "मला सगळं कळलंय. भिऊ नको. माळेची पानं तू तोडायचीस."

"मम्मी, नको ना. तू तोड."

"का? आज्जीनं सांगितलं म्हणून?"

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, अंधारात दिसलं नाही. मी कात्री तिच्या हातात दिली. तिनं अकरा पानं तोडली, देठासकट, एकही फाटू न देता. मला इतका अभिमान वाटला की मिठी मारली. ती कात्रीसारखी ताठ उभी होती. "कुणाला सांगू नको," म्हणाली. मी म्हटलं, "यात लपवण्यासारखं काय आहे, बाळा?"

नऊला घट बसले. आत्यांनी माळ ओवायला घेतली. काकूंनी पान उचलून बघितलं, म्हणाल्या, "काय देखणी पानं! घरची व्हय? कुणी तोडली?"

नंदू दाराच्या चौकटीपाशी उभी होती. आत्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "म्या तोडली. पहाटं."

घटासमोर! समईसमोर बसून सरळ खोटं! मला राहवलंच नाही. मी म्हटलं, "नाही काकू. आत्यांनी नाही. नंदूनं तोडली. आणि तिला पाळीचा दुसरा दिवस आहे. आणि तीन महिने या वेलीला आम्ही पाळीत हात लावतोय, तक्ता फ्रिजवर आहे, जाऊन बघा."

काका पंख्याकडं बघायला लागले. राजवर्धन अगरबत्ती पेटवत होते, काडी बोटापर्यंत जळत आली तरी धरून होते. काकूंनी हातातलं पान ताटात ठेवलं आणि बोटं पदराला पुसली. नंदू चौकटीतून गेली, मोरीचं दार लागल्याचा आवाज आला.

आणि आत्यांनी ते पान ताटातून उचललं, दोऱ्यात ओवलं, माळ पुरी केली आणि स्वतःच्या हातानं घटावर बांधली. बांधून झाल्यावर दोनदा कानाला हात लावला. भीतीनं असणार. काकूंना म्हणाल्या, "उठा, आरती करूया." बस्स. मी जिंकले होते, सगळ्यांसमोर, आणि घरात कुणी मला एक शब्द म्हणायला तयार नाही.

२३ सप्टेंबर

काका-काकू घट उठेपर्यंत नऊ दिवस राहणार होते, आज सकाळीच गेले. जाताना काकूंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. गेले तर गेले.

पण राजवर्धन? माझा नवरा? शिकलेला माणूस? मी म्हटलं, तुम्ही तरी माझ्या बाजूनं बोलायचं होतं. म्हणाले, "तुझंच बरोबर हाय. पण आपण काय कोर्टात हाय का? काकांसमोर पोरीचं काढायची काय गरज हुती?"

पोरीचं काढलं म्हणे. मी तिच्यासाठी केलं! उद्या सासरी तिला कुणी कोपऱ्यात बसवलं तर तिच्याकडं उत्तर असावं म्हणून केलं. मला कुणी होतं का असं बोलणारं? माझी आई मला गोठ्याशेजारी पोत्यावर निजवायची. मी पोत्यावर पडून ठरवलं होतं, माझ्या मुलीला असलं काही होऊ देणार नाही. तेच केलं मी, आणि सगळं घर माझ्यावर तोंड पाडून बसलंय.

नंदू बोलत नाही. विचारलं तर "हं". डबा नेते, डबा परत आणते. वेल छान आहे.

२६ सप्टेंबर

आज आत्यांना धरलंच. नंदू शाळेत, हे फौंड्रीत. म्हटलं, आत्या, एकदा सरळ सांगा, तुम्ही माझ्या मुलीला बाजूला का बसवलंत?

त्या शेंगा फोडत होत्या. थांबल्या नाहीत.

"कोण बाजूला बसवलं? माझ्या अंथरुणात घेऊन निजले तिला. तू बघितलंस की."

"मग पाणी का घालू दिलं नाही तिला?"

"पोटात दुखत हुतं तिच्या. जिना चढवंना झालता. तीच म्हणली, आज्जी, तू घाल, न्हाईतर मम्मी तक्त्यावर कायतरी लिहील." चार शेंगा फोडल्या. "पहिल्याच दिवशी म्हणलं तिला, आईला सांग. आईला पहिलं सांगायचं असतं. ती रडाय लागली. म्हणली, मम्मीला सांगितलं की मम्मी लाल पेनानं लिहील आणि दूधवाल्याला सांगील."

मी म्हटलं, "मी दूधवाल्याला सांगितलं नसतं."

आत्या शेंगा फोडत राहिल्या.

आणि मी घटासमोर काय केलं? दूधवाला परवडला असता.

खूप राग आलाय. कुणाचा ते नीट लिहिता येत नाही. आत्यांचा येतोय, कारण त्यांना वेलीचं खरंच वाटत होतं, अजूनही वाटतंय, मी विचारलं तर म्हणाल्या, "पानवेल कडक असतीच." असं वाटत असताना त्यांनी ती माळ बांधली. देवीपुढं खोटं बोलल्या, तेही असं वाटत असताना. मला वाटतं एका पैशाचंही भय नव्हतं मला, कारण मला काही होईल असं वाटतच नव्हतं. मग धीटपणा कुणाचा? हे मला अजिबात आवडलेलं नाही.

३ ऑक्टोबर

काल दसरा. नंदूनं आज्जीला सोनं दिलं, पप्पांना दिलं, मला दिलं. पाया पडली. डोळ्यांकडं बघितलं नाही.

तक्ता काढला. फ्रिजवर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत, खोबरेल लावून घासले तरी जात नाहीत. तिला सांगितलं, काढला बघ. म्हणाली, "हं." काय अपेक्षा होती माझी? नाचेल?

नंदू गच्चीवर जात नाही. मी नसताना जाते, मी असले की नाही. गोगलगायींची डबी खिडकीत रिकामी असते, म्हणजे सोडून येते. मी सकाळी जाते. मोगऱ्याला पुन्हा कळ्या आल्यात. वेल इतकी वाढलीय की पत्र्यावरून शेजारच्यांकडं निघाली. मला ती बघवत नाही. तिचा काही दोष नाही, तरी बघवत नाही.

१२ ऑक्टोबर

नजीराला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती तरी म्हणेल, तुझा हेतू चांगला होता. ती म्हणाली, "आमच्या सदफला आली तेव्हा तिनं मला पण नव्हतं सांगितलं. मोठ्या बहिणीला सांगितलं. मला म्हाईत हुतं, पण मी म्हाईत न्हाय असं केलं. महिन्यानं आली आपणच."

"आणि नसती आली तर?"

"नसती आली तर नसती. तिचं हाय ते, माझं न्हाय."

हे एवढं सोपं कुणाला कसं येतं? मला चीड आली तिची. बसमध्ये फुलेवाडीपर्यंत चीड पुरली.

नंदूची माफी मागितली आज. वाईट मागितली. "माझं चुकलं, पण तुझ्या भल्यासाठीच" असं सुरू केलं आणि तिनं दप्तर उचललं. "पण" काढून पुन्हा म्हणायला हवं होतं. तोवर ती कोपऱ्यावर गेली होती.

१९ ऑक्टोबर

फराळ, लॅब, फराळ. गच्चीवर चार दिवस गेलेच नाही, मिरच्यांचा पार निकाल लागला. चिवड्याला पोहे परतताना नंदू शेजारी उभी राहिली आणि तिनं कढईत शेंगदाणे घातले. न सांगता. मी बोलले नाही. बोलले तर काहीतरी जास्तच बोलेन अशी भीती वाटली. स्वतःच्या तोंडाची भीती मला या वयात पहिल्यांदा वाटली.

२७ ऑक्टोबर

आज सुट्टी काढली होती. संध्याकाळी आत्या जिन्याकडं निघाल्या, तांब्या घेऊन. मी बघितलं आणि समजलं. सव्वा महिना झाला. आतल्या खोलीत अंधार होता, नंदू आज्जीच्या अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडलेली.

आत जावंसं वाटलं. कुठं दुखतंय विचारावंसं वाटलं, औषधाची गोळी, गरम दूध, हे खा, ते खाऊ नको, सगळं जिभेवर आलं. दारातून मागं फिरले. आत्यांच्या हातातून तांब्या घेतला. त्यांनी लगेच सोडला.

वर गेले. सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. अकरा गोगलगायी सापडल्या, त्या डबीत भरून मागच्या प्लॉटमध्ये सोडून आले. परत येतील, यायच्याच आहेत.

खाली आले तेव्हा नंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पोटावर हात धरून. माझ्या हातातल्या डबीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मम्मी, चार दिवस तू घालशील पाणी?"

"घालते," म्हटलं. का, ते विचारलं नाही.